अडुळशाचा रस काढला एकदाचा!

पावसाळा सरताना लागलेला खोकला काही जाईना. दोन आठवडे उलटले म्हणून डॉक्टरांनी टीबी तर नाही ना हे बघायला थुंकी तपासायला लावली, रिपोर्ट निगेटिव्ह, हुश्श झालं. डॉक्टर हसत म्हणाले, तुमच्या सिरपमधलं कफ पातळ करणारं औषध, अँब्रोक्सॉल, ते पण मूळचं अडुळशातल्या वासिसिन नावाच्या द्रव्यावरूनच आलंय. हे आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "मग बाटली कशाला गं, पानंच पाठवते!"

आणि खरंच एसटीनं पिशवी आली. तिच्या बांधावर अडुळशाचं कुंपणच आहे, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत ना म्हणून.

मी शहाणी, तीसेक पानं धुतली न् मिक्सरला लावली. पाणी घालायचं नाही म्हणून नाही घातलं, तर नुसता हिरवा गोळा, पिळून पिळून हात दुखले आणि रस निघाला जेमतेम एक चमचा! सासूबाईंचा पांढरा पंचा मात्र हिरवा झाला, तो डाग अजून आहे.

परत फोन. आत्या म्हणाली अगं कच्च्या पानाचा रस निघत नाही, पानं ठेचून गोळा करायचा, वडाच्या पानात गुंडाळायचा, वरून चिखलाचा दोन बोटं थर द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा, माती लाल झाली की काढून पिळायचा. याला पुटपाक म्हणतात. आता मी तिसऱ्या मजल्यावर निखारे कुठून आणू? शेवटी इडलीपात्रात वाफवली, दहा-बारा मिनिटं. पानं काळपट, लिबलिबीत झाली, गरम असतानाच जुन्या ओढणीत घालून पिळली तर धारच लागली!

दोन चमचे रस, तेवढाच मध. कडू म्हणजे काय कडू, वर चहा प्यायले तरी जीभ तशीच. तिसऱ्या दिवसापासून कफ सुटायला लागला, आता तो रसानं सुटला की खोकल्याचे दिवसच भरले होते, देव जाणे. जाऊबाईंनाही खोकला होता, त्यांना देणार होते पण त्यांना पाचवा महिना, आत्यानं फोनवरच दटावलं, गर्भारपणी अडुळसा अजिबात द्यायचा नाही.

पिशवीत दोन जाड काड्या होत्या, त्या रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचून बाल्कनीत ठेवल्यात. एक वाळली. दुसरीला काल कोंब दिसला.