वहीतला शेवटचा आकडा: दोन

२६ सप्टेंबर

२०११चा सप्टेंबर आज पुन्हा कागदावर मांडून बघितला. बेसबॉलमधल्या बोस्टन रेड सॉक्सच्या कुठल्याही चाहत्याला त्या हंगामाबद्दल विचारा, तो शेवटच्या रात्रीवर येऊन थांबतो. शेवटची इनिंग टाकणारा पिचर (चेंडू टाकणारा) पॅपलबॉन, समोरच्या संघातल्या अँडिनोचा फटका, डावीकडे उभ्या क्रॉफर्डच्या ग्लव्हपाशी निसटलेला चेंडू. सगळा राग त्या पाच मिनिटांत साठलेला. हिशेब मांडला की मात्र वेगळंच दिसतं: त्या रात्री फक्त एक सामना गेला, बाकीचे सतरा त्याआधीच गेले होते.

३ सप्टेंबरचे सामने संपले तेव्हा रेड सॉक्स ८४ जय, ५४ पराभव. मागे टँपा बे रेज, ७५ आणि ६३. हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणजे दोघांचेही २४ सामने बाकी. आघाडी काढायची रीत अशी: जयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करायची आणि निम्मी करायची. इथे दोन्ही फरक ९, म्हणून आघाडी ९. तेव्हा अमेरिकन लीगमध्ये (दोन लीगपैकी ही एक, दोघेही तिच्यातले) तीन विभागांचे तीन विजेते पुढे जायचे आणि उरलेल्या संघांतून फक्त एक, ज्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. भांडण त्या एका जागेचं होतं.

पण नुसत्या आघाडीकडे बघणं हीच चाहत्यांची पहिली चूक. वहीत ठेवायचा आकडा वेगळा, मॅजिक नंबर. १६३मधून आपले जय वजा करायचे, मग पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करायचे. १६३ वजा ८४ वजा ६३, उरले १६. आपण जिंकलो की एक कमी, ते हरले की एक कमी, दोन्ही झालं तर दोन कमी. शून्यावर आला की जागा पक्की. एकावर अडकला तर बरोबरी, आणि त्या वेळच्या नियमाने एक जादा सामना. दोनवर अडकला तर एका सामन्याने घरी.

तेव्हा दोन्ही संघांचे मिळून ४८ निकाल यायचे होते. त्यांतले १६ आपल्या बाजूने पडले की झालं. आपण बारा जिंकायचे, त्यांनी चार हरायचे. नाहीतर आपण आठ, त्यांनी आठ. ३ सप्टेंबरच्या रात्री कुणाची झोप उडण्यासारखं यात काहीच नव्हतं.

पुढच्या २४ सामन्यांत रेड सॉक्स ६ जिंकले, १८ हरले. रेज १६ जिंकले, ८ हरले. सहा अधिक आठ, चौदा. वही दोनवर थांबली.

नाणं २४ वेळा उडवलं तर छापा सहा किंवा त्याहून कमी वेळा येण्याची शक्यता सुमारे १.१ टक्का. आणि हा संघ नाण्यापेक्षा बराच बरा होता, तोपर्यंत दहांतले सहा सामने जिंकत आलेला. म्हणून ‘नशीब फिरलं’ एवढ्यावर समाधान होत नाही.

वही ठेवायची असेल तर रकाने पाच पुरतात: तारीख, आपला निकाल, त्यांचा निकाल, पराभवांच्या रकान्यातला फरक, मॅजिक नंबर. पराभवांचा रकाना वेगळा ठेवायचा कारण साधं आहे. न खेळलेला सामना जिंकता येतो, हरलेला परत घेता येत नाही. पावसाने एखादा सामना पुढे गेला की दोन संघांचे खेळून झालेले सामने सारखे राहत नाहीत, मग आघाडीत अर्धा घुसतो, ८.५ वगैरे, आणि चाहते त्या अर्ध्यावर वाद घालत बसतात. अशा वेळी पराभवांचा फरक तेवढा वाचावा. बोस्टनचं मैदान फेनवे पार्क, त्याच्या डाव्या बाजूची ३७ फूट २ इंच उंचीची हिरवी भिंत आहे ना, तिच्या पोटातल्या फळ्यावर लीगमधल्या इतर सामन्यांचे आकडे आजही माणसं हाताने लावतात. तो फळा म्हणजे याच वहीचं मोठं रूप. सप्टेंबरात मैदानातले अर्धे डोळे खेळावर आणि अर्धे त्या फळ्यावर.

२७ सप्टेंबर

गळती नेमकी कुठे होती, हे आज.

पहिली जागा: समोरासमोरचे सामने. ९ ते ११ सप्टेंबर टँपा बेमध्ये तीन, १५ ते १८ फेनवेला चार. सातांपैकी सहा रेजनी जिंकले. असा प्रत्येक सामना आघाडी पूर्ण एकाने हलवतो, कारण एकाचा जय तोच दुसऱ्याचा पराभव. सहा गेले, एक आला, म्हणजे आघाडीतले पाच सामने या सात दिवसांत संपले. उरलेल्या १७ सामन्यांत रेड सॉक्स ५-१२ आणि रेज १०-७. तिथे आणखी पाच गेले. ९ची आघाडी उणे १ झाली, ती अशी बरोबर अर्धी अर्धी. या सातांपैकी दोन जरी जिंकले असते तरी बाकीचं सगळं तसंच घडूनही रेड सॉक्स पुढे गेले असते. एक सामना फिरला असता तर आघाडी उणे एकवरून अधिक एकवर आली असती, इतकं सरळ गणित आहे.

दुसरी जागा: सुरुवातीचे पिचर. क्रिकेटमधून आलेल्या माणसाला हे पटकन कळत नाही, म्हणून जरा सविस्तर. नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन, म्हणजे २७ आउट मिळवायचे. सुरुवात करणाऱ्या पिचरने सहा इनिंग टाकल्या, तर १८ आउट झाले, उरलेले नऊ बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरांमधल्या, तिघांनी वाटून घ्यायचे. पाच जणांची पाळी, प्रत्येकाला मध्ये चार दिवस विश्रांती. या चक्रातला एक जण तिसऱ्याच इनिंगमध्ये मार खाऊन बसला की बुलपेनला १८ किंवा त्याहून जास्त आउट काढावे लागतात. दुसऱ्या दिवशी तेच थकलेले हात. तिसऱ्या दिवशीचा पिचरही लवकर गेला तर आठव्या इनिंगसाठी राखलेला माणूस सहाव्यात आणावा लागतो, आणि आठव्यात उरतो तो ज्याला आणायचं नव्हतं तो.

त्या सप्टेंबरात बोस्टनच्या सुरुवातीच्या पिचरांचा ईआरए ७.०८ होता. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर पडलेले रन नऊ इनिंगच्या मापात. ७.०८ म्हणजे पाच इनिंगमागे जवळपास चार रन. दर दिवशी चार रनांचं ओझं डोक्यावर घेऊन बॅटरांनी उतरायचं. क्ले बुकहोल्झ जूनपासून पाठीच्या दुखापतीने बाहेर होता आणि त्याची जागा भरून निघालीच नाही. त्यात २५ दिवसांत २४ सामने, वेळापत्रकात सुट्टीचे दिवस दोनच, १२ आणि २२ तारखेचे (२३चा सामना पावसाने २५वर गेला), आणि १९ला व २५ला एकाच दिवशी दोन-दोन सामने. बुलपेनला दम घ्यायला जागाच नव्हती. वर्षभर आठवी इनिंग सांभाळणारा डॅनियल बार्ड त्या एका महिन्यात चार सामने हरला. लोकांनी बार्डला शिव्या दिल्या. त्याच्यावर ती वेळ आणणाऱ्या आधीच्या इनिंग कुणी मोजल्या नाहीत.

तिसरी गोष्ट गळती म्हणता येणार नाही, पण चाहत्यांचा जीव तिनेच सर्वात जास्त खाल्ला. बॅटिंग मुळीच आटली नव्हती. ३ सप्टेंबरनंतरच्या सहा जयांपैकी तीन असे: १४-०, १८-६, १८-९. तीन सामन्यांत ५० रन. आणि त्याच दिवसांत ११ इनिंगनंतर ०-१, मग १०-११, मग ४-५. आपल्याकडे लीग क्रिकेटमध्ये मोठा विजय नेट रन रेटमध्ये जमा होतो, पुढे अडीअडचणीला उपयोगी पडतो. इथे तशी पेढीच नाही. अठरावा रन रात्री बारा वाजता वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी एका रनासाठी तोंड वेंगाडावं लागतं. संपूर्ण सप्टेंबरात या संघाने लागोपाठ दोन सामने एकदाही जिंकले नाहीत. मोठा विजय झाला की वाटायचं आता सुटलो, आणि चोवीस तासांत ये रे माझ्या मागल्या.

जाता जाता पंचांगाची एक गंमत. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ११ सप्टेंबरला होती, त्याच दिवशी रेजनी तिसरा सामना जिंकून बोस्टनला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मग पितृपंधरवडा, म्हणजे सगळी पडझड. आणि २८ला घटस्थापना. घट बसले त्या दिवशी रेड सॉक्स उठले. बोस्टनच्या आसपासच्या एखाद्या मराठी घरात हे वाक्य तेव्हाच कुणीतरी म्हटलं असणार.

२८ सप्टेंबर, रात्री

शेवटच्या दिवशी दोन्ही संघ ९०-७१. मॅजिक नंबर २. बोस्टन बाल्टिमोरमध्ये ओरिओल्सशी, टँपा बे आपल्या घरी न्यूयॉर्क यँकीजशी.

जॉन लेस्टरला चारऐवजी तीनच दिवसांची विश्रांती देऊन उतरवलं, आणि त्याने सहा इनिंग चोख टाकल्या. सातव्या इनिंगमध्ये पाऊस आला, सव्वा तासाहून जास्त खेळ थांबला. तेव्हा बोस्टन ३-२ने पुढे होतं आणि टँपात यँकीज ७-०ने. ते दीड तास बोस्टनच्या चाहत्यांनी टँपाचा सामना बघत काढले, निवांत. मग तिथे आठव्या इनिंगमध्ये रेजनी सहा रन काढले, त्यांतले तीन लॉंगोरियाच्या होमरनवर (चेंडू थेट कुंपणापलीकडे). नवव्यात दोन आउट, दोन स्ट्राइक, तिसरी स्ट्राइक पडली की सामना संपणार अशा वेळी डॅन जॉन्सनने होमरन मारला. त्या वर्षीची त्याची तोपर्यंतची सरासरी .१०८ होती, म्हणजे दहा वेळा उतरला तर एकदा हिट. ७-७.

इकडे नवव्या इनिंगला पॅपलबॉन. आठ इनिंगनंतर आघाडी असताना रेड सॉक्स त्या हंगामात ७७ वेळा जिंकले होते, एकदाही हरले नव्हते. पहिले दोन बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकमध्ये बाद. मग क्रिस डेव्हिसचा डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका. नोलन रीमोल्डचा चेंडू टप्पा खाऊन कुंपणापलीकडे गेला, तोही डबल, ३-३. मग रॉबर्ट अँडिनोचा डावीकडे पडत गेलेला फटका. क्रॉफर्ड घसरत पोहोचला, ग्लव्हला चेंडू लागला आणि निसटला. ४-३. रात्रीचे बारा वाजून दोन मिनिटं, आपल्याकडे गुरुवारची सकाळ, साडेनऊ.

एवढ्यानेही सगळं संपलं नव्हतं. रेज हरले असते तर बरोबरी होऊन जादा सामना मिळाला असता. तीन मिनिटांनी, बाराव्या इनिंगमध्ये, लॉंगोरियाचा दुसरा होमरन डाव्या कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला. तो कोपरा कार्ल क्रॉफर्डने २०१०पर्यंत नऊ हंगाम राखला होता. मग सात वर्षांसाठी १४.२ कोटी डॉलरवर तो बोस्टनला आला आणि त्या रात्री हजारभर मैल उत्तरेला घसरत एका चेंडूमागे गेला. त्याच्यावरचा राग समजतो, पटत मात्र नाही. तो चेंडू अवघड होता, आणि त्याने तो पकडला असता तरी आधीचे सतरा पराभव तिथेच होते.

(त्याच रात्री नॅशनल लीगमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जही १३ इनिंगनंतर ४-३ने हरून बाहेर गेले. सप्टेंबर सुरू होताना त्यांचीही ८.५ सामन्यांची आघाडी होती. सेंट लुईस कार्डिनल्सनी ती जागा घेतली आणि पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. अटलांटाच्या चाहत्यांची तक्रार एवढीच की त्यांच्या दुःखाची कुणी नीट दखलही घेतली नाही.)

३० सप्टेंबर

२०११मध्ये याच तारखेला मॅनेजर टेरी फ्रँकोना गेला. २००४ आणि २००७ची दोन विजेतेपदं मिळवून देणारा माणूस. ऑक्टोबरात जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन शिकागो कब्जला गेला. आणि मग वर्तमानपत्रात आलं, काही पिचर स्वतःची पाळी नसलेल्या दिवशी सामना चालू असताना क्लबहाउसमध्ये तळलेलं चिकन खात आणि बिअर पीत बसायचे.

चाहत्यांना हेच हवं होतं. ७.०८ला शिवी देता येत नाही, चिकनला देता येते. शिस्त ढिली झाली होती यात वाद नाही. पण हाच संघ ३१ ऑगस्टला ८३-५२ होता. चिकन सप्टेंबरातच तळायला सुरुवात झाली असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. खरा प्रश्न कंटाळवाणा होता: बुकहोल्झच्या जागी भरवशाचा माणूस खेळाडूंच्या अदलाबदलीच्या जुलैअखेरच्या मुदतीत का मिळाला नाही? त्या मुदतीला आणलेला एरिक बेडार्डही पुढे दुखापतीतच अडकला. जुन्या मंडळींना १९७८ आठवलं, जुलैतली १४ सामन्यांची आघाडी यँकीजनी भरून काढली होती ते. २००४नंतर आपली त्या भीतीतून सुटका झाली असं ज्यांना वाटत होतं, ते जास्त चिडले.

२०१२पासून प्रत्येक लीगमध्ये दुसरं वाइल्ड कार्ड आलं. तो नियम एक वर्ष आधी असता तर ९० जय घेऊन रेड सॉक्सना रेजशी एक सामना खेळायला मिळाला असता. नियम आला त्या वर्षी ते ६९ जिंकले, ९३ हरले आणि विभागात शेवटचे आले. त्या सप्टेंबरात वही उघडायची वेळच आली नाही.