एक घनमीटर
कोरेगावचे मिस्त्री काका सकाळीच पिकअप घेऊन साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर आले. मागे जुन्या जीपच्या इंजिनाचा ब्लॉक आणि गिअरबॉक्स. पुतण्या ऑस्ट्रेलियात तीच जीप उभी करतोय. विमानाचा दर ऐकून काका खचले होते. "एवढ्या पैशात हितं दुसरी जीप उभी राहील, बाबा."

पेटी 100 बाय 80 बाय 60 सेंटिमीटर. काट्यावर 142 किलो. विमानवाले लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला 6000 नं भागतात, ते जागेपोटी धरलेलं वजन आलं 80 किलो. पण खरं वजन जास्त, म्हणून भाडं 142 चं. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या मालाला तिथं सुटका नाही. जहाजात सुट्या मालाचं भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल ते. आणि बहुतेक ठिकाणी निदान एक घनमीटर धरतातच. आपली पेटी अर्ध्या घनमीटरचीसुद्धा नाही.

"मग उरलेली जागा फुकट?" काकांनी लगेच फोन लावला. दुपारपर्यंत तेवढीच दुसरी पेटी भरली: ट्रान्सफर केस, हब, क्लच प्लेट, ब्रेक शू. तिकडच्या बंदरात माल सोडवायचा खर्चही पुतण्याला आधीच विचारून घ्यायला लावला. कित्येकदा तो जहाजभाड्याच्या वर जातो, आणि तो कुणी सांगतच नाही.

मग माझी नजर फळ्यांवर गेली. आंब्याच्या, कच्च्या. निर्यातीच्या लाकडाचा गाभा 56 अंशाला सलग 30 मिनिटं तापवलेला लागतो, वर गव्हाच्या ओंबीचा शिक्का. तो नसेल तर माल तिकडेच अडकतो आणि वाचवलेला पैसा दंडात जातो. न्हावा शेव्याला माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचवायचा होता. सुताराला बोलावलं, पेट्या प्लायवूडच्या केल्या, खालचे ठोकळे तेवढे शिक्क्याचे घातले.

क्लच प्लेट आणि शू मात्र मी बाहेर काढले. जुन्या साठ्यातला माल, त्यात ॲस्बेस्टॉस असणारच. ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून त्याला पूर्ण बंदी आहे. काका काही बोलले नाहीत. शू फडक्यात गुंडाळून त्यांनी पिकअपमध्ये ठेवले. मला वाईट वाटलं, चाळीस वर्षं जपलेला माल होता तो.

राहिली माती. तिकडे मातीचा कणही चालत नाही. गिअरबॉक्समधलं तेल निथळवलं, रॉकेलनं धुतलं. काका जुना टूथब्रश घेऊन खाली बसले. ब्लॉकच्या एकेका बोल्टाच्या भोकात तो फिरवायचे, बॅटरीचा उजेड मारायचे, परत फिरवायचे. एका भोकातून शेवटी तांबूस चिखल निघाला, हरभऱ्याएवढा. "कोरेगावचीच," ते म्हणाले आणि बोटावर धरून बघत राहिले. रात्री दहाला सगळं गंज धरू न देणाऱ्या कागदात गुंडाळून पेट्या ठोकल्या.

टेंपो खंबाटकीच्या बोगद्यापलीकडे गेल्याचा ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत काका शेडच्या पायरीवरच बसून होते.

पेट्या पोचल्यावर पुतण्यानं फोटो पाठवले. काकांनी मोबाइल हातात घेतला आणि आधी बोल्टाची भोकं मोठी करून पाहिली.