लेडी रॉन्डांची जागा

गेली बारा वर्षं मी इंग्लंडमध्ये राहते. पासपोर्ट भारतीय असला तरी राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून इथल्या निवडणुकीत मला मत देता येतं, आणि मी ते कधी चुकवलेलं नाही. म्हणूनच २०२३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, गॅलरीत बसले, तेव्हा खालच्या लाल बाकांवरचं कोण कुठल्या वाटेने आत आलंय, याचाच विचार करत होते. बरेचसे नेमलेले, काही बिशप, आणि काही जण घराण्याची पदवी वारशाने मिळाली म्हणून. या तिसऱ्या गटात एकही बाई नव्हती. शेवटच्या, काउंटेस ऑफ मार, २०२० मध्ये निवृत्त झाल्या. बहुतेक पदव्या मुलाकडेच जातात. मुलगा नसेल तर पुतण्या, चुलतभाऊ, लांबचा कोणी पुरुष. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. मला ते फार लागलं.

मार्गारेट हेग थॉमस, म्हणजेच लेडी रॉन्डा, यांना तर पदवी मिळालीही होती. वडिलांना, म्हणजे व्हायकाउंट रॉन्डांना, मुलगा नव्हता, म्हणून पदवी लेकीकडे जावी अशी खास तरतूद झालेली. बाईंनी मताधिकारासाठी तुरुंग भोगला होता, १९१५ मध्ये लुसिटानिया जहाज बुडालं त्यातून वाचल्या होत्या. १९१८ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की बाई असणं सार्वजनिक पदाच्या आड येणार नाही. त्याच्या आधारे त्यांनी सभागृहात जागा मागितली. समितीने आधी मान्यता दिली. मग लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड यांनी विरोध केला, प्रकरण पुन्हा उघडलं, आणि १९२२ मध्ये नकार आला. जुलै १९५८ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने तहहयात नेमलेल्या पहिल्या स्त्रिया ऑक्टोबरमध्ये त्या बाकांवर बसल्या. वारशाने पदवी मिळालेल्या बायकांना १९६३ पर्यंत थांबावं लागलं.

१९९९ मध्ये ब्लेअर सरकारने सहाशेहून अधिक वंशपरंपरागत सदस्य काढले, पण तडजोड म्हणून ९२ ठेवले, पुढची सुधारणा होईपर्यंत. त्यांतली जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक व्हायची. २०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट गटातल्या अशाच एका जागेसाठी उमेदवार सात होते आणि मतदार, म्हणजे त्या गटातले उरलेले वंशपरंपरागत सदस्य, तीन. तिन्ही मतं व्हायकाउंट थर्सो यांना पडली. आपल्याकडे याला जुना शब्द आहे: वतन.

यातले कित्येक जण मन लावून काम करायचे, विधेयकाचं कलम न् कलम तपासायचे, हे मी नाकारणार नाही. ते गेल्यावर उरणारे मुख्यतः पंतप्रधानांच्या शिफारशीने आलेलेच, हा आक्षेपही मला खरा वाटतो. त्या नेमणुकांना मर्यादा हवीच. पण म्हणून जन्माचं दार उघडं ठेवायचं? १९११ च्या पार्लमेंट कायद्याच्या प्रास्ताविकेतच लिहिलंय, की वंशाऐवजी लोकांच्या पायावर उभं राहणारं सभागृह आणायचा हेतू आहे, मात्र ते लगेच करता येणार नाही. ते 'लगेच' शंभर वर्षं उलटून गेली तरी आलं नव्हतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये उरलेल्या जागा रद्द करण्याचं विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, मांडलं गेलं, तेव्हा मी माझ्या खासदारांना पत्र लिहिलं. विधेयकाच्या बाजूने मत द्या, आणि पुढच्या टप्प्याची तारीखही मागून घ्या, असं. लेडी रॉन्डांचं नाव त्या पत्रात दोनदा आलं.