एल्व्ह सापडली, पण नाशिकवर नाही

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला विषय काय, असं मॅडमनी विचारलं आणि मी बोलून बसलो की ढगांच्या वर चमकणाऱ्या विजा. आमची द्राक्षं निफाडला, त्यामुळे गारपीट आणि कडकडाट लहानपणापासून ओळखीचा, पण ढगाच्या वरही काही होतं हे कॉलेजला आल्यावर कळलं. स्प्राइट म्हणजे साधारण 50 ते 90 किलोमीटरवरची लाल झळाळी, काही मिलिसेकंदांत खलास. 1989 मध्ये मिनेसोटात कॅमेऱ्याची टेस्ट चालू असताना चुकून पहिली टिपली गेली. एल्व्ह हा दुसरा प्रकार, 90 च्या आसपास, एक मिलिसेकंदाच्या आत शेकडो किलोमीटर पसरणारं कडं.

मला वाटलं सॅटेलाइटवरून बघायचं म्हणजे सोपं, ढग आडच येत नाही. पण वरून बघितलं की खालच्या विजेचाच भपका एवढा की वरचं फिकं काही उठून दिसत नाही. तैवानच्या फॉर्मोसॅट-2 उपग्रहावरच्या आयसुअल या उपकरणानं 2004 पासून तिरकं, क्षितिजाकडे बघून यातून वाट काढली. माझा डेटा एसिमचा, हे उपकरण 2018 मध्ये स्पेस स्टेशनवर बसवलं, ते सरळ खाली बघतं. म्हणून त्यात तीन फोटोमीटर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा उजेड मोजणारे, 337 नॅनोमीटर, 777.4 (हा खालच्या विजेचा) आणि तिसरा 180 ते 230 चा अतिनील. खरी गंमत तिसऱ्यात आहे, कारण हवेतला ऑक्सिजन तो उजेड खाऊन टाकतो, खालच्या विजेचा फारसा वर पोचतच नाही, म्हणजे तिथे टोक दिसलं तर ते बहुतेक वरचंच. हे डोक्यात शिरायला मला तीन आठवडे लागले, तोवर मी तिन्ही आलेख एकाच स्केलवर टाकून काही दिसत नाही म्हणून वैतागत होतो.

पुढची माती मीच खाल्ली. पप्पा म्हणाले अमुक दिवशी रात्री नऊला जोरदार विजा होत्या, मी त्या दिवसाच्या फाइलींत 21 वाजताचं शोधत बसलो. रजिस्ट्रेशन करून, गंगापूर रोडवरच्या रूमवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्रभर डाउनलोड केलेल्या फाइली आणि सगळी वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत! आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेतीन, आणि 21 म्हणजे आपल्याकडे पहाटेचे अडीच. बरं ते सुधारलं तरी पंचाईत होतीच, हे फोटोमीटर रात्रीच कामाचे, आपला वळीव येतो चार-पाचला आणि स्टेशन नेमकं तेव्हा डोक्यावर असेलच असं नाही. नाशिकवरची एकही धड घटना मिळेना.

मॅडम म्हणाल्या, अरे नकाशा मोठा कर ना. बंगालच्या उपसागरावर गेलो आणि दुसऱ्याच दिवशी एक एल्व्ह सापडली, अतिनीलमध्ये सुईसारखं टोक, मिलिसेकंदभरही नाही, आणि 777.4 चा फुगवटा त्याच्यामागून सावकाश चढणारा. मी उठून रूममेटला हलवलं, त्यानं एक डोळा उघडून बघितलं आणि कूस बदलली.

पप्पांना विचारायचं होतं, ही दिसली की गारा कळतात का आधी? म्हटलं नाही हो. परतीच्या पावसाच्या फाइली अजून बाकी आहेत, त्यात नाशिक बघतोय.