दोन नऊ

शनिवारी सकाळी सव्वाआठला सरांचा फोन आला. "पोरी, एकोणचाळीसचा रुपया सापडला. काल पाच हजार बयाणा देऊन आलोय. आज दुपारी उरलेले द्यायचेत. तू ये आणि एकदा नजर टाक."

सर हे आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानाचं, माझ्या बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हापासून दर महिन्याच्या पेन्शनमधून थोडे बाजूला काढून इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचे रुपये वर्षावार जमवतात. अल्बममध्ये १९३८ आहे, १९४० ते १९४५ आहेत, शेवटी १९४७ चा निकेलचा, वाघाचं चित्र असलेला. मधलं एक घर बाबा गेले तेव्हाही रिकामंच होतं. बाबांनी त्यांना शब्द दिला होता की मिळाला तर आधी तुम्हाला दाखवीन. पुण्यातल्या दुकानाबरोबर तो शब्दही माझ्याकडे आला असं मी मानते.

१९३९ पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी असायची. महायुद्धात, १९४० पासून, ती निम्म्यावर आणली. म्हणजे १९३९ चा हा जुन्या कसाच्या चांदीचा शेवटचा रुपया, आणि तो लोकांच्या हातात फारच थोडा आला. १९३८ चा रुपया मी चांदीच्या भावावर थोडं चढवून विकते. एकोणचाळीसला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

"कोणाकडून घेताय?" मी विचारलं.

"नवीन मुलगा आहे. जालन्याकडचा. बोलायला चांगला वाटला."

मला तिथेच धास्ती वाटली. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः 'चांगला वाटला' म्हणून फसले होते, आणि तेही नवख्याकडून नाही. ज्यांच्या टेबलापाशी सगळे आदराने उभे राहतात अशा एका जुन्या व्यापाऱ्याकडून मी शिवराईंचा, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यांचा, एक लॉट न तपासता उचलला. 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरं सगळ्यांवर छान उठून दिसत होती. तेवढ्यावर मी भुलले. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर निम्म्यांवर ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या नकली नाण्यांना पडतात तशी बारीक छिद्रं. परत घेऊन गेले तेव्हा उत्तर मिळालं, "टेबलावरून उचललं की विषय संपला." पैशांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. ओळखीचा चेहरा आहे म्हणून मी काटा आणि भिंग दोन्ही पिशवीतच ठेवली होती.

नाण्यांच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जालन्याच्या त्या मुलाचं टेबल शेवटच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी होतं. फलक नाही, मखमल नाही. स्टीलचे दोन डबे आणि अल्बमची सुटी पानं. पोरगा तिशीचा असेल. शेजारच्या टेबलांवर मी हळूच विचारून घेतलं. कोणीच त्याला ओळखत नव्हतं. एकाने सांगितलं, "ताई, दूर राहा. भाव फार कमी सांगतोय."

भाव कमी होता हे खरं. सरांना सांगितलेली किंमत त्यांच्या दीड महिन्याच्या पेन्शनएवढी, बाजारात चालते त्याच्या अर्ध्याहून कमी. आमच्या धंद्यात स्वस्ताईचे दोन अर्थ होतात. विकणाऱ्याला माल कळत नाही, किंवा फार चांगला कळतो. यातलं कुठलं, ते मालावरून कळत नाही, माणसाशी बोलावं लागतं. म्हणून मी नाणं मागितलंच नाही. आधी विचारलं, हे आलं कुठून?

या प्रश्नावर मी नाना गोष्टी ऐकल्या आहेत. आजीच्या पेटीत होतं. संस्थानिकांच्या दिवाणाच्या घरातून आलं. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली म्हणजे शेत नांगरताना हंडा लागला. ती सांगणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊकही नसतं की जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसा कायदा १८७८ पासून आहे. म्हणजे एकतर गोष्ट खोटी, नाहीतर माल घेण्यासारखा नाही. दोन्हीकडून मी उठून चालू लागते.

तो म्हणाला, "एका फिरत्या माणसाकडून लॉट घेतला, ताई. अडतीस नाणी होती. पैसे रोख दिले. त्याची पावती नाहीये माझ्याकडं."

"त्याचा पत्ता?"

"नाही ना. फोन नंबर होता, तो आता लागंना."

या उत्तरात त्याच्या फायद्याचं काहीच नव्हतं. माझं मन तिथे थोडं निवळलं. पण निवळलेल्या मनाने नाणं पाहू नये, हे बाबांनी शिकवलं होतं.

मी माझा काटा काढला. दुसऱ्याच्या काट्यावर मी वजन करत नाही. तेही त्याला खटकलं नाही. उलट त्याने टेबलावरचा डबा सरकवून जागा करून दिली. हा चांदीचा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅमचा असतो. हा ११.६३ भरला. वापरलेल्या नाण्याला एवढी झीज शोभते. मग पिंपातलं पाणी कागदी कपात घेतलं, कप काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, नाण्याला दोऱ्याचा फास घालून ते तळाला न टेकवता पाण्यात सोडलं. काटा १.१३ वर थांबला. म्हणजे नाणं त्याच्या आकाराच्या पाण्यापेक्षा सव्वादहा पटीहून थोडं जड. जुन्या कसाची चांदी एवढीच भरते. निम्म्या चांदीचं असतं तर काटा १.२२ च्या आसपास गेला असता.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरं आहे ना गं?"

"चांदी खरी आहे, सर."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला मात्र पुढचं ठाऊक होतं, आणि तेच मला सगळ्यात अवघड गेलं. १९३८ चा रुपयाही याच चांदीचा, याच वजनाचा, याच ठशाचा. काटा, पाणी, आवाज, सगळ्या परीक्षांत तो एकोणचाळीससारखाच उतरतो, कारण तो अस्सलच असतो. त्यावरचा एक आकडा तेवढा बदलायचा. नाण्यावर साल इंग्रजी आकड्यांत असतं. इंग्रजी आठच्या खालच्या वेटोळ्याची डावी बाजू खरवडून काढली की नऊ उरतो. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर कोणीतरी बसून केलेलं एवढंसं काम.

भिंग डोळ्याला लावलं आणि प्रकाश आडवा पडेल असं नाणं धरलं. वेलबुट्टीच्या आत 'वन रुपी', त्याखाली 'इंडिया', त्याखाली साल. १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो. ते शेजारी शेजारी नाहीत, मध्ये तीन आहे, पण दोघं एकाच घरातले असले पाहिजेत. पहिल्या नऊचं डोकं मोठं, गोल होतं. शेवटच्या नऊचं डोकं लहान आणि चिंचोळं, आठच्या वरच्या वेटोळ्यासारखं. त्याच्या डाव्या अंगाला पृष्ठभाग किंचित खोलगट झालेला, आणि त्यात एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. बाकी सगळीकडे नाण्यावर जुनी करडी झाक होती. तेवढ्या तिळाएवढ्या जागी ती वेगळी, वरून चढवल्यासारखी.

मी तीन वेळा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं ते फक्त सरांकडे मान वर करून बघायला धीर होत नव्हता म्हणून.

आजूबाजूला माणसं होती. "खोटं" हा शब्द मोठ्याने उच्चारला तर त्या पोराचं टेबल त्याच क्षणी संपलं असतं, आणि तो जाणूनबुजून विकत होता की नाही, हे मला अजून कळायचं होतं. मी त्याला हळू आवाजात म्हटलं, "तारखेवर काम केलंय. शेवटचा आकडा आठ होता."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. अशा वेळी काय काय होतं ते मी पाहिलेलं आहे. नाणं झटकन हातातून ओढून घेतात. "तुम्हाला काय कळतं" म्हणतात. मुंबईच्या अमक्याने पास केलंय म्हणून सांगतात. किंवा एकदम भाव खाली आणतात, आणि खाली आलेल्या भावातच कबुली असते.

त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "भिंग देता का, ताई? मला दाखवा."

मी दाखवलं. आधी पहिला नऊ, मग दुसरा. त्याला दिसायला वेळ लागला. त्याने नाणं फिरवलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवलं. मग भिंग खाली ठेवून खिशातून पाकीट काढलं, पाचशेच्या दहा नोटा मोजल्या आणि सरांच्या हातात दिल्या. सरांनी मागितल्या नव्हत्या. मी अजून पैशांचा विषयही काढला नव्हता.

"सर, मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला. मग नाण्याच्या पुठ्ठ्याच्या होल्डरवर पेनाने लिहिलं, 'तारीख बदललेली', आणि ते परत पानात न लावता वरच्या खिशात टाकलं. त्या लॉटमध्ये त्याचे किती पैसे अडकलेत ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण त्याच्या ओठांकडे पाहून अंदाज येत होता.

सर बराच वेळ गप्प होते. पाच हजारांची घडी तशीच मुठीत. मग त्यांनी त्याच्या डब्यातली नाणी चाळायला घेतली आणि १९१८ चा पाचव्या जॉर्जचा एक साधा रुपया बाजूला काढला. मला ते आवडलं नाही; दयेपोटी खरेदी करू नये असं मला वाटतं. पण नाणं चांगलं होतं आणि भाव रास्त. मी फक्त पावतीचा आग्रह धरला. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. वहीचं पान फाडून मी सांगत गेले तसं त्याने लिहिलं: नाण्याचं वर्णन, साल, वजन, किंमत, त्याचं नाव, गाव, फोन, आणि 'अस्सल नसल्याचे आढळल्यास पूर्ण पैसे परत'. शेवटच्या ओळीवर पुष्कळांचं पेन अडतं. "किती दिवसांत?" असं विचारतात. त्याने ती ओळ सलग लिहिली आणि खाली सही केली.

निघताना मी त्याला दुकानाचं कार्ड दिलं. तो येईल असं वाटलं नव्हतं.

अकराव्या दिवशी तो आला. सकाळची एसटी पकडून, लॉटमधले उरलेले रुपये रुमालात बांधून. "सगळे बघून द्या, ताई. काय पैसे होतील ते देतो." अडतीसपैकी नऊ त्याने आधीच विकले होते आणि कोणाला विकले ते वहीत लिहून आणलं होतं. त्या यादीत एकोणचाळीस एकही नव्हता. एक खिशात राहिलेला, रुमालात अठ्ठावीस. आम्ही दुपारी दोनपर्यंत बसलो. सत्तावीस चोख निघाले. एकावर पुन्हा तोच शेवटचा नऊ, चिंचोळ्या डोक्याचा, ओरखडेही त्याच दिशेला. एकाच हाताचं काम.

सर त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी दोन्ही नाणी शेजारी ठेवून भिंगाखाली पुष्कळ वेळ पाहिली. मग विचारलं, "हे दोन्ही इथेच ठेवलेस तर चालेल का रे? ही बघेल, मी बघेन, येणारा बघेल."

त्याने दुसऱ्या होल्डरवरही तेच दोन शब्द लिहिले आणि दोन्ही नाणी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पैसे घेतले नाहीत. मीही तपासणीचे घेतले नाहीत. मग तो यादीतल्या नऊ जणांना माझ्याच दुकानातून फोन लावत बसला.