तुम्ही विचारलंत म्हणून: सिगारेट सोडल्यावर टेन्शन आलं तर काय करता?

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ओळखीचं कुणी भेटलं की हे विचारतंच, "भाऊ, तुम्ही सोडली खरं, पण टेन्शन आलं की काय करता? आम्हाला तर एक ओढल्याशिवाय डोकं शांतच होत नाही." उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही हे, म्हणून लिहायलोय.

मी १६ वर्षं ओढली, शेवटी शेवटी दिवसाला १५. परभणीच्या मोंढ्यात आपलं आडतीचं दुकान, सोयाबीनचा सीझन लागला की सकाळपासून माणसांची रेटारेटी, आणि मलाही वाटायचं की सिगारेट आहे म्हणून डोकं ठिकाणावर आहे. खरं काय चाललंय ते दिसलं एसटीत. संभाजीनगरला निघालो की जिंतूरपर्यंत मी एकदम मजेत, शेजारच्याशी गप्पा, मंठा आलं की कंडक्टरचा आवाज टोचायला लागायचा, कुणाचं लेकरू रडलं तरी राग, कुणी खिडकी उघडली तरी राग, आणि जालन्याला उतरून चार झुरके मारले की सगळी माणसं परत चांगली.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा हिशोब लागला. झुरका घेतला की १०-२० सेकंदात निकोटीन मेंदूत पोचतं, तिथं डोपामिन नावाचं रसायन सुटतं, बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं आणि सवय लागलेला मेंदू मागायला लागतो. मंठ्याला जवळपास तेवढाच वेळ झालेला असायचा. कंडक्टर बिचारा रोजच्यासारखाच ओरडत होता. आधीच्या सिगारेटनं मागं ठेवलेली चिडचिड पुढची सिगारेट मिटवायची, आणि मी तिला टेन्शनवरचं औषध समजत होतो.

आता सोडल्यानंतरचं, कारण इथंच लोक परत फिरतात. तिसरा दिवस होता. पोरगी शाळेची डायरी घेऊन आली, "पप्पा, सही करा ना," एवढंच. मी डायरी भिंतीवर फेकली. ती काहीच बोलली नाही, डायरी उचलली, हातातला पेन उघडाच होता, त्याची शाई तिच्या फ्रॉकला लागत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, ओढा तुम्ही, पण पोरीवर ओरडू नका." हे वाक्य ज्या घरात बोललं जातं ना, तिथं माणूस त्याच संध्याकाळी टपरीवर असतो. सगळ्यांना वाटतं हाच याचा खरा स्वभाव, सिगारेटनं झाकला होता. तसं नसतं हो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, झोप नाही, भूक जास्त, कशात लक्ष नाही, उगीच उदास, आणि बहुतेकांचं २ ते ४ आठवड्यांत ओसरतं. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं.

अजून एक, जे मी मोंढ्यात कुणाला सांगत नाही. अण्णा, माझे वडील, गेले तेव्हा मी रडलो नाही. आत बायामाणसं रडायलेली आणि मी घरामागं लिंबाखाली एकामागून एक ओढत उभा. सोडल्यावर दोनेक महिन्यांनी गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये त्यांच्या चष्म्याचं घर सापडलं, आत चष्मा पुसायचं कापड घडी घातलेलं, आणि मी इतका रडलो की मुनीमजींनी शटर अर्धं खाली ओढलं. सगळं निकोटीनवर ढकलत नाही मी, पण पोटात काही हललं की पाय टपरीकडं वळायचे, मग ते दुःख होतं का राग होता का नुसती भूक, हे ओळखायची सवयच मोडली होती.

आणि टेन्शन वाढतं का, तर २०१४ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून बघितलेत, सोडणाऱ्यांची चिंता, उदासी, ताण हे ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे, समुपदेशक बोलतात.

टेन्शन आलं की मी काय करतो? टेन्शन येऊ देतो, दुकानाबाहेर पोत्यावर बसतो, दहा मिनिटांत तलफ आली तशी जाते, टेन्शन राहिलंच तर ते बाजारभावाचं, उधारीचं असतं, त्याचं काय करायचं ते करतो. तुम्ही सोडाल त्याच्या तिसऱ्या दिवशी मला फोन करा, रात्री २ ला करा, माझ्यावर ओरडा, मी उचलतो.