झोलिंगच्या रानातला हाका: हरीण पळवायचं नसतं, चालवायचं असतं

नॉर्टहाइमहून बोडनफेल्डेकडे जाणारी छोटी गाडी उस्लारला सोडते. तिथून नॉयहाउसच्या दिशेने रस्ता चढू लागला की बीच आणि स्प्रूसचं रान सुरू होतं. हा लोअर सॅक्सनीतला झोलिंग. सर्वांत उंच माथा जेमतेम 528 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच. पण लाल हरणांसाठी हे रान जर्मनीत नावाजलेलं आहे. नोव्हेंबरात या भागात आलात तर कधी रस्त्याकडेला तात्पुरते फलक आणि उतरवलेली वेगमर्यादा दिसेल, पायवाटेला आडवी लाल-पांढरी पट्टी बांधलेली असेल. आत हाका, म्हणजे जनावरं मचाणांकडे हाकून करायची शिकार, चालू आहे असं समजायचं. पट्टी ओलांडायची नाही. नारिंगी पट्ट्याचा कुत्रा रस्त्यावर भटकताना दिसला तर त्याला पकडायला जायचं नाही. तो कामावर आहे.

हाका म्हटलं की आपल्याला ढोल, पत्र्याचे डबे आणि मचाणावर बसलेले संस्थानिक आठवतात. भारतात 1972च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच जनावर हाकणंही घातलं आहे, त्यामुळे हाती बंदूक नसली तरी तो गुन्हा ठरतो. जर्मनीत हाका कायदेशीर आहे. हरणं रोपं खातात, झाडांची साल सोलतात, म्हणून दरवर्षी ठरावीक संख्या कमी करायची असते. वर्षभर रोज रानात माणूस फिरवण्यापेक्षा एकाच दिवशी मोठ्या भागात काम उरकलं तर उरलेले दिवस जनावरांना स्वस्थता मिळते, असा त्यामागचा हिशेब आहे. तो पटण्यासारखा आहे, पण हाका नीट झाला तरच.

सगळं घड्याळावर चालतं. समजा, 10 ते 12.30. सकाळी एकत्र जमल्यावर शिकार-परवाने तपासले जातात, कोणतं जनावर मारायचं आणि कोणतं नाही हे वाचून दाखवलं जातं. मग प्रत्येकाला त्याच्या जागेवर नेऊन सोडतात. बंदूक जागेवर पोहोचल्यावरच भरायची आणि जागा सोडण्याआधी रिकामी करायची. जागा म्हणजे साधारण दीड-दोन मीटर उंचीचं लाकडी मचाण. ही उंची ऐटीसाठी नसते. वरून खाली मारलेली गोळी हरणाच्या आरपार गेली तरी पलीकडच्या जमिनीत रुतते. रायफलची गोळी अडली नाही तर चार-पाच किलोमीटरपर्यंत घातक असते. अडवणारी गोष्ट एकच, मोकळी दिसणारी माती. झुडूप, झाडाचं खोड, ओंडक्यांची रास यांवर भरवसा ठेवायचा नाही; टेकडीच्या कडेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं हरीण तर सोडूनच द्यायचं. गोठलेली जमीन आणि दगड गोळी भलतीकडे उडवतात, म्हणून शेजारच्या मचाणाच्या आणि हाकाऱ्यांच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना किमान 30 अंश सोडून मारायचं. मचाणावर चढल्याबरोबर शेजाऱ्याला हात करून एकमेकांच्या जागा पक्क्या करून घ्यायच्या. हाका संपेपर्यंत खाली उतरायचं नाही, जखमी जनावर समोर तडफडत पडलेलं दिसलं तरीही. हाकारे भडक नारिंगी कपड्यांत असतात. त्यांच्यापैकी कुणाकडे बंदूक असलीच तर ती रिकामी; जखमी जनावराला संपवण्यासाठी किंवा रानडुकरापासून कुत्र्याला वाचवण्यासाठीच भरायची.

या हाक्यात आरडाओरड जवळजवळ नसते. हाकारे थोडेच असतात, सावकाश चालतात, दाट गचपणातून जाताना आवाज देतात, मध्येच थांबतात. कुत्रे आखूड किंवा मध्यम पायांचे, एकेकटे काम करणारे आणि मागावर असताना भुंकणारे हवेत: टेरियर, डाक्सहुंड, वाख्टेलहुंड. भुंकण्यावरून कुत्रा किती लांब आहे ते हरणाला कळतं. मग ते उधळत नाही. चार पावलं टाकतं, थांबतं, मागे वळून बघतं. तोच बार काढायचा क्षण. लांब पायांचे वेगवान कुत्रे टोळीने सोडले की कळप जीव घेऊन सुटतो आणि मचाणासमोरून धाडधाड निघून जातो. धावत्या हरणाच्या फुप्फुसांवर नेम धरणं फार थोड्यांना जमतं. गोळी पोटात नाहीतर पायावर बसते. घाईत मागची जमीन बघायचीही राहून जाते. म्हणजे जनावराचे हाल आणि माणसाला धोका, दोन्हींचं मूळ तोच वेग.

लाल हरणांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पाडस पहिला हिवाळा आईबरोबर काढतं. आई मेली तर कळप त्याला जवळ करत नाही, ते खंगत जातं. म्हणून नियम: आधी पाडस, मग आई. पिल्लं वाढवण्याच्या काळात आईबापांना मारण्यावर जर्मन शिकार कायद्यात बंदीच आहे. पण हाक्याच्या गडबडीत मायलेकरांची ताटातूट होते, आणि एकटी आलेली मादी बिनपिल्लाची आहे असं मचाणावरून ठरवता येत नाही. शहाणा आयोजक सकाळीच बजावतो: एकटी मादी सोडून द्या. यावर कुरकुर करणारे असतात. त्यांना पुढच्या वर्षी बोलावू नये.

बंदुकीचंही ठरलेलं आहे. खूर असलेल्या जनावरांवर छर्रे चालत नाहीत. छोट्या रो हरणासाठी गोळीत 100 मीटरवर किमान 1000 जूल ऊर्जा लागते, लाल हरणासाठी किमान 6.5 मिमी व्यास आणि 2000 जूल. कडाक्याच्या थंडीत लाल हरीण शरीराचा खर्च कमी करून जगतं, तेव्हा त्याला पळवणं महागात पडतं. हाका नाताळाआधी आटोपलेला बरा.

वेळ संपल्याचं शिंग वाजलं की एकही गोळी नाही. मग खरं काम सुरू होतं. प्रत्येक शिकारी चिठ्ठी भरतो: बार किती वाजता, हरीण कुठे होतं, गोळी लागताच काय केलं, कुठे गेलं. जिथे हरीण उभं होतं ती जागा फीत बांधून दाखवायची, तुडवायची नाही. तिथलं फेसाळ, उजळ लाल रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट तांबडं म्हणजे यकृत. चघळलेल्या गवताचे हिरवट कण म्हणजे पोट. पोटात लागलं असेल तर काही तास थांबायचं. लगेच मागे लागलं की जखमी हरीण उठून मैलोन्‌मैल जातं. सोडलं तर जवळच बसतं. हानोव्हरचे किंवा बव्हेरियाचे शोधकुत्रे लांब दोरीवर तो माग काढतात. ‘चुकला’ असं लिहिलेला बारही तपासतात, कारण गोळी लागूनही हरीण काहीच न झाल्यासारखं निघून जाऊ शकतं. हाक्याची तारीख ठरवताना म्हणूनच आधी या शोधकुत्र्यांच्या मालकांना विचारतात, पाहुण्या शिकाऱ्यांना नंतर. ते मोकळे नसतील तर हाका पुढे ढकलायचा.